भिकू म्हात्रेच्या घराकडेही पाहा

प्रति,
मराठी गँगस्टरपट आणि वेब मालिका लिहिणारे, दिग्दर्शित करणारे आणि त्यांत पैसा घालणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

'सत्या'बद्दल लिहायचं आहे, आणि तुम्हालाच लिहायचं आहे. मुंबईतल्या गुन्हेगारी टोळ्यांवरचा राम गोपाल वर्मांचा हा चित्रपट ३ जुलै १९९८ रोजी लागला. त्यानंतर गुन्हेगारीवरचे जे चित्रपट आपल्याकडे निघाले, त्यांतल्या बहुतेकांनी त्याच्याकडून काही ना काही घेतलं. तुम्हीही घेतलं, आणि त्यात गैर काहीच नाही. चांगल्या कलाकृतीकडून घ्यावंच. माझी तक्रार वेगळी आहे. समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून 'मुंबई का किंग कौन? भिकू म्हात्रे!' असं ओरडणारा माणूस तुम्ही उचललात आणि तो ज्या घरात परत जातो ते घर तिथेच ठेवून आलात.

मी समीक्षक नाही. लालबागच्या चाळीत वाढले, नोकरी केली, निवृत्त झाले. चित्रपट मात्र मनापासून पाहत आले आहे. गेल्या काही वर्षांत मराठीत 'भाई' आणि 'दादा' लोकांच्या कथांना चांगले दिवस आले आहेत. मोठ्या पडद्यावर आणि मोबाइलवर मी त्या आवर्जून पाहते. त्यांत सुरुवातीला बूट दिसतात. मग पांढऱ्या गाडीचं दार उघडतं, नायक संथगतीने चालत येतो, मागे पंधरा-वीस पोरं असतात, वरून ड्रोन फिरतो आणि ढोल असे वाजतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. नायकाला बायको असते, पण तिला दोन प्रसंग मिळतात. एकात ती ओवाळते आणि दुसऱ्यात रडते. आई असलीच तर ती देव्हाऱ्यासमोर बसलेली असते. या माणसाच्या घराचं भाडं कोण भरतं, भाजी कोण आणतं, रात्री दोनला दार वाजलं की कोणाच्या पोटात गोळा येतो, हे त्या दोन-अडीच तासांत कुठेच कळत नाही.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत 'टी-सिरीज' या संगीत कंपनीचे मालक गुलशन कुमार यांचा खून झाला. 'सत्या' आकाराला आला तो याच काळात. वर्मांनी त्या दिवसाची गोष्ट नंतर अनेकदा सांगितली आहे. गुलशन कुमार सकाळी किती वाजता उठले, कोणाशी काय बोलले, हे कोणीतरी त्यांना सांगत होतं आणि त्यांच्या मनात येत होतं, मारणारा किती वाजता उठला असेल? मला अमुक वाजता उठव, असं त्याने आईला सांगितलं असेल का? न्याहारी त्याने खुनाच्या आधी केली असेल की नंतर? मला वाटतं, 'सत्या'चं सगळं बळ या प्रश्नांत आहे. खुनाबद्दल बातमी सांगतेच. न्याहारीबद्दल कोणी सांगत नाही, आणि तिथेच चित्रपट करणाऱ्याचं काम सुरू होतं.

आता 'सत्या' पुन्हा लावा आणि टोळीतली माणसं दिवसभर काय करतात ते नुसतं बघत राहा. ती बसलेली असतात. फोनची वाट बघतात, एकमेकांची टिंगल करतात, दारू पितात, कोणाच्या तरी लग्नाला जातात. सौरभ शुक्लांचा कल्लू मामा एखाद्या पेढीवरच्या जुन्या मुनीमजींसारखा दिसतो. अंगाने सुटलेला, घामेजलेला, सगळ्यांचं ऐकून घेणारा. ज्या गाण्यावर आजही पोरं नाचतात, ते 'गोली मार भेजे में' पडद्यावर बघाल तर त्यात तालमीत बसवलेला नाच नाही. झिंगलेली माणसं एकमेकांच्या अंगावर पडतायत, बस्स. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल, आणि तरी ते गाणं त्या खोलीतून बाहेर पडत नाही. म्हणून ती माणसं खरी वाटतात. खरी वाटतात म्हणून त्यांची भीती वाटते, आणि पुढे एकेक मरायला लागला की वाईटही वाटतं.

आता भिकूच्या बायकोकडे, प्यारीकडे येते. हे सगळं पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहिलं आहे.

शेफाली शहा यांनी साकारलेली प्यारी म्हात्रे पडद्यावर फार थोडा वेळ आहे. तेवढ्यात त्यांनी जे उभं केलं ते आपल्या कितीतरी नायिकांना अख्ख्या चित्रपटात जमत नाही. प्यारी नवऱ्याला घाबरत नाही. तो हात उचलतो, तेव्हा तीही ऐकून घेत नाही. तिला त्याचा धंदा माहीत आहे, त्यातून येणारा पैसा माहीत आहे, आणि तो एक दिवस परत येणार नाही हेही माहीत आहे. तरी तिचं भांडण असतं ते साध्या गोष्टीवर. इतका उशीर का, पोरांकडे लक्ष का नाही. ज्या माणसाच्या नावाने शहरातले बिल्डर थरथरतात, त्याला घरात शिव्या बसतात, आणि त्या शिव्यांतूनच त्या घरात किती माया आहे ते कळतं. मनोज वाजपेयींच्या भिकूला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण मला विचाराल तर भिकूला माणूस केलं ते प्यारीने. ती काढून टाका, मग उरतो नुसता आरडाओरडा करणारा एक इसम. तुमच्या चित्रपटांत मला नेमका तोच उरलेला इसम भेटतो.

हा चित्रपट कोणी केला, हेही लक्षात घ्या. वर्मा आंध्रचे, हैदराबादेत तेलुगू चित्रपट करून इथे आलेले. सत्या झालेले जे. डी. चक्रवर्ती तेलुगू. भिकू साकारणारे वाजपेयी बिहारच्या चंपारणातले. लिहिणारे अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला उत्तरेतले. छायाचित्रण करणाऱ्या दोघांपैकी जेरार्ड हूपर तर थेट अमेरिकेतले. यांतल्या कोणाचंही बालपण गिरणगावात गेलेलं नाही. तरी त्यांनी म्हात्रे, मुळे, मांजरेकर, खांडिलकर, झावळे अशी नावं घेतली आणि त्या नावांची माणसं उभी केली. भिकूच्या बोलण्याची ढब आपण आपल्या कोल्हापूरकडच्या स्वयंपाक्याकडून घेतली, असं वाजपेयींनी सांगितलं आहे. म्हणजे हा माणूस स्वयंपाकघरात उभा राहून शिकला. बाहेरून आलेल्यांना आपली चाळ इतकी नीट दिसली. तुम्ही तर इथलेच. तुमच्यातल्या कितीकांचे आजोबा गिरणीत होते. मग तुमच्या पडद्यावर ती चाळ का दिसत नाही?

कारण ती गोष्ट आपली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. बापाची नोकरी गेली, आई घरोघरी पोळ्या लाटायला लागली किंवा खानावळ चालवायला लागली, आणि जी पोरं बापाच्या बदलीवर गिरणीत लागायची ती नाक्यावर उभी राहिली. तिथून त्यांना उचलणारे लोक होते. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा असाच गेला. त्याचं नाव लिहीत नाही. तो दिसायला चांगला होता, गोविंदा पथकात वरच्या थरावर चढायचा, आमची गॅसची टाकी उचलून आणून द्यायचा. त्याची आई रात्री ताटावर ताट झाकून ठेवायची आणि दार नुसतं लोटून घ्यायची. कडी लावत नसे. पुढे एके दिवशी पोलीस आले आणि त्यांनी तिच्याकडे त्याचा फोटो मागितला. तिच्याकडे एकच होता, शाळेतला. त्या बाईबद्दल आजवर कोणी चित्रपट केलेला नाही. नाटकवाल्यांनी मात्र हे केलं आहे. जयंत पवार यांचं 'अधांतर' त्याच सुमाराचं, १९९७ चं. गिरणी थांबल्यावर परळ-लालबागच्या एका खोलीतल्या माणसांचं काय होतं, ते त्यांनी त्या खोलीतून बाहेर न पडता सांगितलं. ती वाट आपल्याच माणसाने घालून दिलेली आहे. तुम्ही तिच्यावरून पुढे का जात नाही, हे मला खरंच समजत नाही.

हिंसेबद्दलही बोलायला हवं, कारण घरांचं आणि हिंसेचं नातं 'सत्या'ने जसं दाखवलं तसं पुढे फार कमी जणांनी दाखवलं. त्यात गोळी लागलेला माणूस हवेत उडत नाही. तो पडतो. मारामारी बेढब आहे, धापा टाकणारी आहे, लवकर संपणारी आहे. आणि चित्रपटगृहातला तो प्रसंग आठवा. सत्या आणि त्याची प्रेयसी विद्या सिनेमा बघायला आलेत. तिला तो काय करतो ते माहीत नाही. पक्या नावाचा एक गुंड त्याला ओळखतो, इन्स्पेक्टर खांडिलकर येतो, दारं अडवली जातात. बाहेर पडायला वाट हवी म्हणून सत्या गोळी झाडतो आणि चेंगराचेंगरी होते. त्यात मरतात ती बायका-पोरं घेऊन सिनेमाला आलेली माणसं. सत्या निसटतो. आपण ज्याच्या प्रेमाला मनातल्या मनात शुभेच्छा देत होतो, त्याने एका क्षणात कित्येक घरं मोडली, आणि दिग्दर्शक आपल्याला त्याकडे पाठ फिरवू देत नाही. अलीकडच्या मराठी गँगस्टरपटांत भर बाजारात गोळीबार होतो, कोयते चालतात, हातगाड्या उलटतात. पण भाजी घ्यायला आलेली एखादी बाई त्यात मेली आणि कथेला तिची दखल घ्यावी लागली, असं मी पाहिलेलं नाही.

भिकूचं मरण तर तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. टोळीच्या डोक्यावरचा पुढारी भाऊ ठाकूरदास झावळे निवडणूक जिंकतो. सगळे आनंदात आहेत, पेले भरलेले आहेत, आणि त्या हसत्या मैफिलीत भाऊ भिकूला गोळी घालतो. भिकूला शेवटचा संवाद नाही. संगीत आधीपासून काही सुचवत नाही. ज्याने समुद्राला ओरडून आपलं नाव सांगितलं, त्याला मरताना एक वाक्यही मिळत नाही. वर्मा, कश्यप आणि शुक्ला यांचा या चित्रपटातला सगळ्यात धाडसी निर्णय मला हा वाटतो. १७ जानेवारी २०२५ ला 'सत्या' पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा मी मुद्दाम गेले. खडकावरच्या प्रसंगाला सगळं थिएटर भिकूबरोबर ओरडलं, मोबाइल वर झाले. मला त्या पोरांचा राग आला नाही. त्यांना तेवढाच तुकडा माहीत होता, तोच तर सगळीकडे फिरतो. पण भिकू मेला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा मोठ्याने 'अरे!' म्हणाला. त्याला हे येणार आहे हे ठाऊकच नव्हतं. सत्तावीस वर्षांनीही एखाद्या चित्रपटाला हे जमतं, कारण त्याने मृत्यूला सजवलेलं नाही.

त्यानंतरचा भागही घराकडेच जातो. सत्याला संपवायचं काम कल्लू मामावर येतं, पण तो टोळीच्या वकिलाला, मुळ्यालाच गोळी घालतो. विसर्जनाच्या गर्दीत, गणपतीच्या साक्षीने, सत्या भाऊला भोसकतो. सूड पुरा झाला. बरेच चित्रपट इथे संपले असते. पण सत्या जखमी अवस्थेत विद्याच्या दारात येतो आणि विद्या दार उघडत नाही. तो दार तोडून आत येतो, तेव्हा पोलिसांच्या गोळ्या त्याला गाठतात. ऊर्मिला मातोंडकर यांच्या चेहऱ्यावर तिथे भीती आहे, घृणा आहे आणि प्रेमही आहे. तिन्ही एकदम. टोळी, पैसा, दुबई हे सगळं बाजूला पडतं आणि त्या माणसाला शेवटी हवं असतं ते एका खोलीत आत घेतलं जाणं. तेच त्याला मिळत नाही.

मी 'सत्या'ची भक्त असले तरी त्याचे दोष मला दिसतात, आणि तुमच्याशी बोलताना ते झाकणं बरोबर होणार नाही. विद्याच्या वाट्याची गाणी सुरेल आहेत. 'गीला गीला पानी'ला लताबाईंचा आवाज आहे, तो मी कधीही ऐकेन. पण ती गाणी आली की चित्रपट थांबतो आणि दुसराच एक सुरू होतो. सत्याचा भूतकाळ सांगितलेला नाही, याबद्दल अनेकजण नाराज असतात. मला मात्र ते पटतं. मुंबईत कोण कोणाला विचारतं की तू कुठून आलास? माझा मोठा आक्षेप पोलिसांच्या बाजूवर आहे. आयुक्त आमोद शुक्ला गुन्हेगारांना ठार करायची मोकळीक देतो, आणि मग जे मारले जातात त्यांना ना नाव आहे, ना घर. भिकूला घर देणाऱ्या चित्रपटाने या पोरांना ते नाकारलं. मुंबईत ते दिवस चकमकींचे होते. रोज सकाळी वर्तमानपत्रात दोन-तीन ओळींत कोणीतरी संपलेला असायचा, आणि त्या दोन-तीन ओळींमागेही कुठेतरी झाकून ठेवलेलं ताट होतं. इथे 'सत्या' कमी पडला. म्हणजे तुम्हाला करायला काम शिल्लक आहे.

प्रेक्षकांना मारधाडच हवी असते, हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. मुलाखतींत ते अनेकदा ऐकलं आहे. पण 'सत्या' बघायला कोण आलं होतं? त्यात मोठा तारा नव्हता. लोकांनी एकमेकांना सांगितलं आणि तो चालला. प्रेक्षकांनी खरेपणाला पैसे मोजले, हा त्याच चित्रपटाचा पुरावा आहे. आणि चित्रपट पाहून मुलं कोयता हातात घेतात, असं मी अजिबात म्हणत नाही. पुण्यातल्या अल्पवयीन मुलांच्या त्या बातम्या वाचून जे सगळं खापर सिनेमावर फोडतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. बेकारी, शाळा सुटणं, वस्तीतले पुढारी, कारणं पुष्कळ आहेत. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. त्या मुलांबद्दल तुम्ही चित्रपट करता, तर त्यांच्याबद्दल खरं सांगा. पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर वकिलाची वाट बघत बसलेली त्यांची आई दाखवा. तिच्या पिशवीत जामिनासाठी गोळा केलेली कागदपत्रं असतात, रेशनकार्ड असतं, एखादी गहाण टाकायची बांगडी असते. त्या बाकावर तुमच्या संथगतीतल्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त नाट्य आहे.

आपल्याकडे त्या भूमिका करायला अभिनेत्री आहेत. प्रायोगिक रंगभूमीवर, एकांकिका स्पर्धांत, व्यावसायिक नाटकांत कसलेल्या बाया आहेत. त्यांना बोलावता आणि ओवाळणीचं ताट हातात देता. त्यांना एक भांडण द्या. नवरा रात्री पैशांची पिशवी घेऊन येतो आणि ती विचारते, हे कोणाचे? एवढा एकच प्रसंग नीट लिहा, त्यात दोघांनाही पुरेसं बोलू द्या आणि कॅमेरा हलवू नका.

आणि लिहायला बसण्याआधी त्या बायकांना भेटा. त्या अजून आहेत. काही लालबाग-परळच्या नव्या इमारतींत विसाव्या मजल्यावर आहेत, बऱ्याचजणी विरार, डोंबिवली, बदलापूरला गेल्या, काही सुनेच्या हाती सगळं सोपवून कोकणात परतल्या. पंच्याहत्तरी, ऐंशी ओलांडलेल्या आहेत. बोलायला तयार असतात, फक्त आजवर त्यांना विचारायला पत्रकार आले ते मुलांबद्दल विचारायला, त्यांच्याबद्दल नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या चाळीतल्या दोघी गेल्या. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात आत्ता अशी एखादी संहिता आहे त्यांनी शूटिंगच्या तारखा ठरवण्याआधी, या महिन्यातच, चार दिवस काढावेत. ओळख करून द्यायला मी येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लालबागची एक प्रेक्षक